हरळी उपटली की डोळे जागे होतात

भाजीच्या वाफ्यातली हरळी मारायला मीठ, व्हिनेगर आणि भांड्यांचा साबण एकत्र करून फवारा, असे व्हिडिओ सध्या फोनवर सतत येतात. सकाळी फवारलं की संध्याकाळी गवत करपलेलं दिसतं, त्यामुळे लोकांना ते पटतंही. पण करपतात ती फक्त पानं. व्हिनेगरमधलं आम्ल ज्या पेशींना लागतं त्या मारतं, जमिनीखालच्या खोडापर्यंत ते पोहोचत नाही. मीठ मात्र मातीत उतरतं. त्यातल्या सोडियममुळे चिकणमातीची घडण मोडते आणि पाणी मुरेनासं होतं. शिवाय हरळी खारटपणा बऱ्यापैकी सोसते, घेवड्याला तो अजिबात सोसत नाही. म्हणजे या उपायाने भाजी जाईल आणि हरळी राहील. कृपया हे करू नका.

हरळी का मरत नाही हे समजून घ्यायचं तर तिचा जमिनीखालचा एक तुकडा धुऊन हातात घ्या. पांढरट, कडक, टोकाला अणकुचीदार. त्यावर ठरावीक अंतरावर पेरं दिसतील आणि प्रत्येक पेराला कागदासारखं वाळकं खवलं चिकटलेलं असेल. ते नखाने सोलून काढलं की खाली तांदळाच्या कणीएवढा डोळा दिसतो. हे मूळ नव्हे, खोड आहे. अशा खोडावर डझनावारी डोळे असतात, पण त्यांतले बहुतेक झोपलेले. ते झोपलेले का असतात, हा माझ्या मते वनस्पतिशास्त्रातल्या सर्वांत सुंदर प्रश्नांपैकी एक आहे.

वाढत्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खोडातून एकाच दिशेने, शेंड्याकडून मागे, सरकत जातं. जोवर हा प्रवाह चालू आहे तोवर बाजूचे डोळे दबलेले राहतात. थीमान आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी 1933 साली हे प्रयोगाने दाखवलं. शेंडा खुडला की डोळे फुटतात, पण खुडलेल्या जागी ऑक्सिन लावलं की ते दबलेलेच राहतात. गंमत अशी, की ऑक्सिन स्वतः डोळ्यात शिरतच नाही. ते मुख्य खोडातूनच निघून जातं आणि त्याचा हुकूम दुसऱ्या संप्रेरकांमार्फत डोळ्यापर्यंत पोहोचतो. सायटोकायनिन डोळा जागा करतं, तर स्ट्रिगोलॅक्टोन त्याला दाबून ठेवतं. स्ट्रिगोलॅक्टोनचं हे काम 2008 साली उघड झालं. तरी एक कोडं उरलं होतं. ऑक्सिन ताशी साधारण एक सेंटिमीटर सरकतं, पण शेंडा खुडल्यावर लांबचे डोळे त्याहून कितीतरी आधी हलू लागतात. 2014 साली वाटाण्यावरच्या संशोधनातून उत्तर आलं: साखर. वाढता शेंडा साखर ओढून घेत असतो. तो गेला की तीच साखर काही तासांत डोळ्यांकडे वळते आणि तोच त्यांना उठण्याचा पहिला इशारा ठरतो. ऑक्सिनचा बंदोबस्त त्यानंतर सुटतो.

आता खुरप्याने किंवा रोटाव्हेटरने काय होतं ते पाहा. खोडाचे तुकडे झाले की प्रत्येक तुकडा शेंड्यापासून सुटतो. ज्या तुकड्यावर एक जिवंत डोळा आणि थोडा अन्नसाठा आहे, तो नवं गवत होऊ शकतो. म्हणून हरळीच्या वाफ्यात ओल असताना रोटाव्हेटर फिरवणं म्हणजे तिची लागवड करणं. त्याऐवजी दाताळ्याने माती सैल करून खोडं अखंड ओढून काढावीत आणि कडक उन्हात पूर्ण वाळू द्यावीत. ती हिरवी असताना कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत.

काही तुकडे राहतातच. त्यांना उपाशी मारायचं. डोळा फुटतो तो खोडातल्या साठ्यावर, आणि नवी पानं स्वतः कमवून परतफेड करू लागेपर्यंत साठा घटत जातो. जमिनीखाली खोड असणाऱ्या अनेक गवतांत तीन-चार पानांच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. तेव्हा काढलं तर घाव खोलवर बसतो. पानं भरपूर वाढू दिली तर साठा पुन्हा भरतो आणि आधीचे कष्ट वाया जातात.

सावली हे हरळीचं दुसरं दुखणं. मका-उसासारखं हेही सी-4 पद्धतीचं गवत. अशी झाडं कार्बन डायऑक्साइड आधी एका पेशीत पकडून दुसरीत कोंबतात आणि त्यासाठी दर रेणूमागे सुमारे दोन एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) जास्त खर्च करतात. भर उन्हात हा सौदा परवडतो, सावलीत नाही. म्हणून वाफा काही महिने प्रकाश अजिबात न शिरणाऱ्या काळ्या आच्छादनाखाली ठेवणं खरंच उपयोगी पडतं. मात्र तो आधी भिजवावा आणि हे काम उबदार दिवसांत करावं. थंडीत किंवा कोरड्यात डोळे झोपून राहतात, साठा खर्चच होत नाही.

ग्लायफोसेट हे तणनाशक साखरेच्या प्रवाहाबरोबर खाली जातं, म्हणून ते जोमदार पानांवर लागू पडतं, नुकत्याच कापलेल्या गवतावर नाही. ते भाजीलाही मारतं. वापरायचंच तर रिकाम्या वाफ्यात, लेबलवरच्या सूचना पाळून.

या सगळ्याआधी दांडा बोटांत फिरवून पाहा. तो तीनधारी लागला तर ती हरळी नाही, लव्हाळा आहे. त्याच्या गाठी साखळीने जोडलेल्या असतात आणि अंधारात वर येणारा कोंब भाल्यासारखा मिटलेला राहून काळं प्लास्टिक सरळ भोसकतो. पारदर्शक प्लास्टिकखाली प्रकाश मिळाल्याने पानं लवकर उलगडतात, टोक बोथट होतं आणि बहुतेक कोंब खालीच अडकतात. वर कडक ऊन असेल तर ते तिथेच भाजून निघतात.