ब्रॉडकास्ट यादी

ब्रॉडकास्ट यादी : व्हॉट्सॲपवरून एकच संदेश अनेकांना, पण प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाठवण्याची सोय. घरगुती व्यावसायिक, दुकानदार आणि शेतकरी गिऱ्हाइकांशी संपर्क ठेवायला ती सर्रास वापरतात. एका यादीत जास्तीत जास्त २५६ क्रमांक बसतात. गिऱ्हाइके त्याहून जास्त असली की दुसरी यादी करावी लागते. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि एकाने भाव विचारला तरी शंभर फोन वाजतात. ब्रॉडकास्टचे उत्तर मात्र फक्त पाठवणाऱ्याकडे येते.

या सोयीत एक अट आहे. ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला असेल, त्यालाच ब्रॉडकास्ट पोहोचतो. नव्या विक्रेत्यांना ही अडचण वाटते. खरे तर तीच या पद्धतीची ताकद आहे. ‘जोशी आंबेवाले’ अशा नावाने कोणी नंबर जपून ठेवला, म्हणजे त्याने घराचे दार उघडून दिले. विकत घेतलेल्या नंबरांच्या याद्यांवर संदेशांचा मारा करणाऱ्याला असे दार उघडत नाही. उलट लोक तक्रार करतात आणि व्हॉट्सॲप तो क्रमांकच बंद करू शकते.

कोकणातला हापूस हे याचे उत्तम उदाहरण. पूर्वी देवगड-रत्नागिरीची पेटी दलालामार्फत वाशीच्या बाजारात जायची आणि फळ कोणी खाल्ले हे बागायतदाराला कळतही नसे. २०२० च्या टाळेबंदीत वाशीचा बाजार मधूनमधून बंद राहिला, तेव्हा अनेकांनी पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांना थेट माल पोहोचवला. त्या वेळी जमलेले नंबर पुढे याद्यांमध्ये गेले.

जाणता बागायतदार हंगामभर मोजकेच संदेश पाठवतो. थंडीत मोहोराचा एक फोटो, त्याखाली विक्रीचा शब्दही नाही. मग पहिल्या तोडीची बातमी : ‘काल झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवलेला आंबा. ५ डझनी पेटी, फळ २२० ते २५० ग्रॅम. शनिवारी कोथरूडला गाडी येईल. घरी अढीत ठेवा, आठवड्याभरात तयार होईल.’ वजन, संख्या, वार, ठिकाण एवढ्यात भाव सोडून गिऱ्हाइकाचे सगळे प्रश्न मिटतात. भाव लपवून ‘इनबॉक्स करा’ म्हणणे ही वाईट सवय. तोही संदेशातच लिहावा.

खरी परीक्षा साक्याची असते. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखे निघते. गिऱ्हाईक फोटो पाठवते, तो खासगीत येतो. बागायतदाराने त्याच दिवशी ‘पुढच्या गाडीत बदली फळे देतो’ असे कळवले, तर ते घर सहसा तुटत नाही. इथे उशीर किंवा वाद महागात पडतो, कारण नंबर पुसून टाकायला एक क्षण पुरतो आणि पुसला गेल्याचे विक्रेत्याला कळवले जात नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस हे स्वतंत्र ॲप जानेवारी २०१८ मध्ये आले. त्यात गिऱ्हाइकांना ‘नवीन’, ‘पैसे बाकी’, ‘माल पोहोचला’ अशी लेबले लावता येतात, ठरलेली उत्तरे साठवता येतात. पुढे वस्तूंचा कॅटलॉगही आला. पैशांसाठी यूपीआयचा क्यूआर कोड त्याच संवादात जातो. स्टेटस २४ तासांनी पुसले जाते, म्हणून ‘आज दोनच पेट्या शिल्लक’ यासारखी बातमी तिथे ठेवावी. यादीला त्यासाठी त्रास देऊ नये.

रोजच्या ‘शुभ सकाळ’ने चांगल्या याद्या मरतात. सणाच्या शुभेच्छांची तयार चित्रेही तशीच.

मेअखेरीस, पाऊस तोंडावर आला आणि उरलेले फळ कॅनिंगला निघाले, की शेवटचा संदेश जातो : यंदाच्या पेट्या संपल्या, रिकामे खोके गाडीवाल्याकडे परत द्या. मग यादी मोहोर येईपर्यंत शांत राहते.