पट्टी आणि पात्र

सिनेमा सुरू होण्याआधीची ती तंबाखूविरोधी जाहिरात आता आपल्याला तोंडपाठ आहे. परवा थिएटरात मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं निवेदकाच्या सुरात सूर मिसळून ती म्हणत होती, अगदी आरती म्हणावी तशी. मध्यंतरात त्यांतलेच दोघे बाहेर पानटपरीशी धूर सोडत उभे! आपल्याकडे २ ऑक्टोबर २०१२ पासून सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांची ही जाहिरात, शिवाय पात्रानं सिगारेट पेटवली की खाली इशाऱ्याची पट्टी, असा नियम लागू आहे. सोबतचा मित्र म्हणाला, "बघ, सिनेमा बघून कुणी बदलत नसतं."

मला हे मुळीच पटलं नाही. बदलतात, फक्त पट्टी वाचून नाही.

२००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. अमेरिकेच्या ईशान्य भागातली, १० ते १४ वर्षांची, कधीच सिगारेट न ओढलेली अडीच हजारांहून जास्त मुलं. कोणी कोणते चित्रपट पाहिलेत आणि त्यांत धूम्रपानाचे प्रसंग किती, हे संशोधकांनी मोजलं आणि पुढे वर्ष-दोन वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं. असे प्रसंग सर्वांत जास्त पाहिलेल्या पाव हिश्श्यातल्या मुलांनी सिगारेट ओढून पाहण्याची शक्यता, सर्वांत कमी पाहिलेल्या पाव हिश्श्याच्या २.७ पट निघाली. घरचे आणि मित्र ओढतात का, हे हिशेबात धरूनही. गंमत म्हणजे ज्यांचे आईवडील सिगारेटला शिवत नाहीत, त्या मुलांवर हा परिणाम अधिक दिसला. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही हे खरं, पण हा अभ्यास दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

असं का होत असावं? इथे माझी आवडती गोष्ट येते. कुणी उपदेश करू लागलं की आपल्या डोक्यातला वकील उठून उभा राहतो. "आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढत होते, त्यांना काय झालं?" हा त्याचा ठरलेला युक्तिवाद. पण युक्तिवादाला लक्ष लागतं, आणि लक्ष ही मोजकी पुंजी आहे. गोष्ट रंगली की सगळी पुंजी तिथेच खर्च होते: पात्रं ओळखायची, पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा, वर काळजी करायची. वकिलाच्या वाट्याला काही उरतच नाही.

मेलनी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली हे फार मजेदार रीतीनं तपासलं. लोकांना एक कथा वाचायला दिली आणि सांगितलं, गोष्टीतला लाकडी बाहुला पिनोकिओ खोटं बोलला की त्याचं नाक वाढायचं. तसा लेखक जिथे खोटा वाटेल तिथे गोल करा. कथेत जे जास्त रमले होते त्यांनी कमी गोल केले, आणि त्यांची मतंही कथेकडे जास्त झुकली. कथा खरी की काल्पनिक हे आधी सांगून काहीच फरक पडला नाही. 'या चित्रपटातील पात्रे व घटना काल्पनिक आहेत' या पाटीचं काय होत असेल, याचा अंदाज यावरून यावा.

आता जरा मेंदूत डोकावू. कपाळामागे, दोन्ही गोलार्धांच्या मधल्या बाजूला 'मेडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स' नावाचा भाग आहे. 'यात माझं काय?' असा विचार चालू असताना तो विशेष सक्रिय होतो. २०१२ साली एमिली फॉक आणि सहकाऱ्यांनी, सिगारेट सोडू पाहणाऱ्या जेमतेम तीसेक लोकांना मेंदूचा कोणता भाग सक्रिय आहे हे टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात झोपवून तीन मोहिमांच्या जाहिराती दाखवल्या. कोणती परिणामकारक वाटते, असं विचारल्यावर त्यांनी जिला शेवटचा क्रमांक दिला, तिच्याच वेळी हा भाग सर्वाधिक सक्रिय होता. आणि प्रत्यक्षात व्यसनमुक्तीच्या दूरध्वनी क्रमांकावर येणाऱ्या फोनमध्ये सर्वाधिक वाढ झाली तीही त्याच मोहिमेमुळे. आपल्याला काय हलवतं, हे आपल्याला नीट सांगता येतंच असं नाही.

पण म्हणून 'पडद्यावर क्षणभर गुप्त संदेश चमकवला की माणूस यंत्रासारखा वागतो' यावरही विश्वास ठेवू नका. १९५७ साली जेम्स विकरी नावाच्या जाहिरातवाल्यानं अमेरिकेतल्या एका थिएटरात असं करून पॉपकॉर्नचा खप वाढवल्याची आवई उठवली होती. पुढे त्यानंच ती बनवाबनवी असल्याचं कबूल केलं. गुप्त संदेशाची गरजही नसते. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला. थिएटरात चपला काढून लोक पडद्यावर फुलं-पैसे उधळत होते. तोवर फारशी कुणाला माहीत नसलेल्या या देवीचे शुक्रवार घरोघर सुरू झाले आणि त्या दिवशी आंबट वर्ज्य झालं. चिंच-लिंबानं देवी कोपते याला पुरावा शून्य. पण नायिकेचे हाल संपताना पाहिलेल्या बायकांना पुरावा हवा कुठे होता?

याच वाटेनं चांगलंही होतं. युगांडात राष्ट्रीय परीक्षेच्या तोंडावर एमा रायली या अर्थतज्ज्ञ संशोधिकेनं विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. काहींना मीरा नायर यांचा 'क्वीन ऑफ काटवे', म्हणजे कंपालाच्या झोपडपट्टीतल्या बुद्धिबळपटू फियोना मुटेसीची खरी कहाणी दाखवली, बाकीच्यांना भलताच सिनेमा. आठवड्याभरात गणिताचा पेपर होता. फियोनाची कहाणी पाहिलेल्यांत नापास होणारे कमी निघाले, आणि सर्वाधिक फायदा मुलींना व अभ्यासात मागे असलेल्यांना झाला. दोन तासांत गणित कुणी शिकवलं नव्हतं. 'आपल्यातली एक जमवून दाखवते' एवढं पाहिलं होतं.

मात्र पात्र कुणाला कसं दिसेल, हे लिहिणाऱ्याच्या हाती नसतं. १९८४ साली दूरदर्शनवर आलेल्या 'हम लोग'मधली भागवंती आठवते? मुकाट सोसणाऱ्या बाईचे हाल बघून बायकांनी शहाणं व्हावं, म्हणून ती घडवली होती. दर भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन तात्पर्यही समजावून सांगायचे. नंतर संशोधकांनी प्रेक्षकांना विचारलं, तेव्हा कितीतरी बायकांना भागवंतीच आदर्श वाटत होती.