खाडीपलीकडे गेलेली गोदी : न्हावा-शेवाची पार्श्वभूमी

द्राक्षाचा हंगाम आला की नाशिककडून आलेले पांढरे शीत-कंटेनर उरणच्या करळ फाट्याच्या आसपास ट्रेलरच्या रांगेत दिसतात. कंटेनरचं यंत्र जनरेटरवर घुरघुरत असतं आणि आतलं तापमान शून्य अंशाच्या जवळ राखलेलं असतं. न्हावा-शेवा बंदरात शिरला की कंटेनर खास रॅकमध्ये चढतो, त्याला विजेचा प्लग लागतो आणि बोट लागेपर्यंत तो तसाच थंड राहतो. मालाचा असा प्रवास मुंबईच्या जुन्या गोदीला झेपण्यासारखा नव्हता.

ती गोदी वेगळ्याच मापाने बांधलेली. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया १८८८ चा, अलेक्झांड्रा (आताचा इंदिरा डॉक) १९१४ चा. भरतीला दार उघडून जहाज आत घ्यायचं आणि दार लावून पाणी कोंडायचं, म्हणजे ओहोटीतही जहाज तरंगतं. माल गोणीत, गासडीत, पिंपात. गोदी कामगारांच्या टोळ्या तो चढवत-उतरवत आणि त्यात जहाजाचे दिवसच्या दिवस जात.

कंटेनरने हा हिशेबच मोडला. क्रेनचा स्प्रेडर, म्हणजे पेटी पकडणारी चौकट, पेटीच्या चार कोपऱ्यांत अडकतो आणि पेटी उचलून काही मिनिटांत ट्रेलरवर ठेवतो. पण उतरवलेल्या हजारो पेट्या रचायच्या कुठे? मुंबईच्या गोदीमागे वखारी, रेल्वेचे रूळ आणि गच्च भरलेली वस्ती. बंदर हलवण्याचं कारण सांगताना लोक पाण्याच्या खोलीवरच थांबतात. माझ्या मते धक्क्यामागची मोकळी जमीन हे तितकंच मोठं कारण होतं.

ती जमीन खाडीपलीकडे, घारापुरीच्या समोर होती. मोकळी दिसत असली तरी भातशेती, मिठागरं आणि कोळीवाड्यांची. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवं शहर वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. मोबदल्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि नवघर परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण गेले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं सूत्र या लढ्यातून आलं. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना मात्र त्यासाठी दशकं वाट पाहावी लागली. शेवा गावचे कोळी उरणच्या हनुमान कोळीवाड्यात हलवले गेले. तिथल्या घरांना वाळवी लागली, आणि पुनर्वसनाचा तो वाद आजवर चालत आला.

न्हावा-शेवाचं हे बंदर जवाहरलाल नेहरू बंदर या नावाने २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. खरी उसळी दहा वर्षांनी आली. १९९९ मध्ये ६०० मीटर धक्क्याचं देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल इथे चालू झालं. बंदर-प्राधिकरणाने जमीन आणि पाणी सांभाळायचं, टर्मिनल खासगी कंपनीने चालवायचं, ही रीत पुढे इतर बंदरांनीही उचलली. २००६ मध्ये आणखी एक टर्मिनल आलं, २०१८ मध्ये अजून एकाचा पहिला टप्पा. खाद्यतेल, रसायनं, इंधन यांच्यासाठी द्रवमालाचा वेगळा धक्का आहे, पण या बंदराची ओळख पेटीचीच. २०२४-२५ मध्ये वीस फुटी पेटीच्या मापाने सुमारे ७३ लाख पेट्या इथून हलल्या. कांदा, द्राक्ष, औषधं, यंत्रांचे सुटे भाग बाहेर जातात. उत्तर भारतातला मालही रेल्वेने इथे येतो. निर्यातबंदी लागली की कांद्याचे कंटेनर इथेच अडकतात, आणि लासलगावला भाव कोसळतो.

आता हीच जागा अपुरी पडते आहे. सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजांना लागणारी खोली इथे गाळ उपसूनच राखावी लागते. म्हणून पालघर जिल्ह्यात वाढवणचं नवं बंदर. तिथल्या बंदराला डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला होता, जुलै २०२३ मध्ये होकार दिला. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. धक्क्यामागची जमीन या वेळी समुद्रातच करायची आहे, १,४४८ हेक्टर भराव घालून. उरणच्या शेतकऱ्याला निदान सातबारा दाखवून भांडता आलं. वाढवणचा मच्छीमार ज्या पाण्यात जाळं टाकतो, त्याचा सातबारा कुठल्याच तलाठ्याकडे नाही.