संध्याकाळी मूल घरी नेताना : आमच्या पाळणाघरातल्या पालकांसाठी

“दिवसभर गुणी असतो म्हणता, मग मला बघितलं की भोकाड का?” आमच्या दारात उभं राहून हे एकदाही न विचारलेले आई-बाबा कमीच. काहींना वाटतं, इथे मुलांना धाकात ठेवतात. काहींना वाटतं, मूल आपल्यावर रुसलंय. तसं काही नसतं. दोन-तीन वर्षांचं मूल इथे दिवसभर बरंच काही आवरून धरतं. खेळणं दुसऱ्याला द्यायचं, घसरगुंडीवर आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, मावशींनी वाढेपर्यंत ताटाला हात लावायचा नाही. हक्काचं माणूस दिसलं की ते सगळं एकदम बाहेर पडतं. त्यात साडेसहा-सातची वेळ, म्हणजे भूक आणि दमणूक दोन्ही. दिवसाचं आम्ही बघतो; हे पत्रक इथून निघाल्यापासून झोपेपर्यंतच्या वेळेसाठी आहे.

दारात

दादरहून उभ्याने आलेलं किंवा माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलं माणूस तरी कुठे ताजंतवानं असतं, हे आम्हाला कळतं. तरी आत येण्याआधी फोन बॅगेत टाका आणि दोन मिनिटं खाली, मुलाच्या उंचीला बसा. रडत असेल तर रडू द्या. “सगळे हसतायत बघ तुला” हे वाक्य आमच्या उंबऱ्याच्या आत चालत नाही.

आल्याआल्या प्रश्नांची सरबत्तीही नको. जेवण, झोप, शी-शू सगळं वहीत लिहिलेलं असतं, ते वाचा. “आज कोणी मारलं का?” हा प्रश्न तर नकोच. रोज विचारलं की मूल रोज एक नाव सांगायला लागतं, आणि कधीकधी ते त्या दिवशी न आलेल्या मुलाचं असतं! खरंच लागलं असेल, कोणी चावलं असेल, तर आम्ही आपणहून सांगतो. कोण चावलं ते मात्र सांगत नाही. नीट बोलता येत नाही तोवर राग दातांतून निघतो, आणि आज चावून घेणारं मूल पुढच्या महिन्यात स्वतः चावतं.

रिक्षातला खाऊ

घरी पोचेपर्यंत अर्धा तास जाणार असेल तर काहीतरी खायला आणाच. केळं, राजगिऱ्याचा मऊ लाडू, पोळीचा गूळ-तूप लावलेला रोल. बिस्किटाचा पुडा सोपा पडतो, पण मग रात्रीचं जेवण बोंबलतं. शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, अख्खी द्राक्षं हे मात्र पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नका, चालत्या रिक्षात तर मुळीच नाही. खड्डा आला, मूल हसलं किंवा रडलं की दाणा श्वासनलिकेत जायला क्षण पुरतो. आम्ही द्राक्षं उभी चिरून चार फोडी करून देतो; घरीही तसंच करा.

खालचं दुकान

बहुतेक रणधुमाळी इथेच होते. दुकानात शिरण्याआधी, बाहेरच सांगा : “आपण दूध आणि कोथिंबीर घेणार. आज खाऊ नाही.” आत गेल्यावर सांगितलं तर उशीर झालेला असतो, कारण अंड्यातलं चॉकलेट बरोबर त्यांच्या नजरेच्या उंचीवर मांडलेलं असतं. तरी मूल फरशीवर आडवं पडलंच, तर लांबलचक समजावणी नको. त्या वेळी त्याला काही ऐकू जात नसतं. “तुला ते हवं होतं. आज नाही.” एवढं एकदाच म्हणा आणि शेजारी थांबा. शेजारच्या काकू बघत असतील तर बघू द्या. पाच मिनिटं रडल्यावर चॉकलेट मिळालं, तर उद्या ते पाच मिनिटं रडणार हे पक्कं. त्यापेक्षा पहिल्याच मिनिटाला घेऊन दिलेलं परवडलं.

आणि “घे बाळा, माझ्याकडून” म्हणणारे दुकानदार काका. त्यांना एकदा बाजूला गाठून गोडीत सांगून ठेवा. प्रेमानेच देतात ते.

ताट आणि मोबाइल

मोबाइल दाखवला की मूल मुकाट्याने खातं, खरं आहे. पण पोट भरलं की नाही याकडे त्याचं लक्षच नसतं आणि पुढे मोबाइलशिवाय घास उतरत नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२१ सालच्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको (गावच्या आजीला व्हिडिओ कॉल चालतो), आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. घरी आजी-आजोबा सांभाळत असतील तर नियम त्यांच्यावर लादू नका; निदान जेवताना फोन नको, एवढंच आधी ठरवा. इथे मुलं आपल्या हाताने खातात, सांडतात आणि तरी उपाशी राहत नाहीत.

झोप

याबद्दल सर्वांत जास्त विनंत्या येतात. “ताई, दुपारी झोपवू नका हो, रात्री बारापर्यंत जागतो.” आम्ही हे ऐकत नाही, आणि त्याचं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३. दुपारची झोप यातच धरलेली आहे. दुपारी न झोपलेलं मूल संध्याकाळी लवकर झोपेलच असं नाही. ते आधी चिडतं, मग सोफ्यावरून उड्या मारायला लागतं. अंगात फार शक्ती आहे असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ते पार दमलेलं असतं. म्हणून आम्ही झोप बंद करत नाही, लवकर उरकतो : एकला आडवं, अडीचला उठवायचं. मूल सकाळी सातला उठत असेल तर रात्री नऊला दिवा बंद झाला पाहिजे. बाबांची गाडी दहाला ठाण्यात येत असेल तर बाबांची भेट सकाळी होऊ द्या. कटू आहे, पण बारापर्यंत जागवण्यापेक्षा बरं.

क्रम रोज तोच ठेवा : जेवण, दात, गोष्ट, दिवा. तीन वर्षांखाली टूथपेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, पुढचे दात किडतात.

थोडं कामाचं

३८ अंशांच्या (१००.४ फॅरनहाइट) वर ताप असेल तर पाठवू नका, औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप उतरलेला राहिला की पाठवा. सकाळी औषध पाजून पाठवलेलं अकराच्या सुमारास आम्हाला कळतंच. पावसाळ्यात कपड्यांचे तीन जोड लागतात, कारण इथेही काही वाळत नाही. घोडबंदर रोडला अडकलात तर फोन करा, मावशी थांबतात. नेणारी व्यक्ती बदलणार असेल तर तिचा फोटो आणि तुमचा मेसेज आधी हवा. सख्खे मामा आले तरी त्याशिवाय मूल सोपवलं जात नाही. मामांनी रागावू नये.