रणगाड्याच्या पोटात आधी मोटर होती

1/35 स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचं, रणगाड्याचं एखादं नवं प्लॅस्टिक मॉडेल घ्या आणि कमांडरच्या हॅचमधून, म्हणजे वरच्या झाकणातून, आत टॉर्च मारा. सीट दिसते, रेडिओ दिसतो, रॅकमध्ये ओळीने लावलेले तोफगोळे दिसतात, त्यामुळे हल्ली मॉडेल बनवायच्या छंदात आलेल्या माणसाला वाटतं की किटबरोबर इंटिरियर, म्हणजे आतलं सामान, हे येतंच. तसं अजिबात नव्हतं बरं का. बरीच वर्षं त्या जागेत मोटर, गिअरबॉक्स आणि बॅटरीचे सेल बसायचे, आणि त्या मोटरने जे करून ठेवलंय ते आपण अजून निस्तरतोय.

गोष्ट सुरू होते जपानच्या शिझुओकात. तामिया ही मुळात लाकडाच्या धंद्यातली कंपनी, आधी लाकडी मॉडेलं विकायची, 1960 मध्ये त्यांनी पहिलं प्लॅस्टिक किट काढलं ते यामातो युद्धनौकेचं. ते काही फार चाललं नाही. मग साठच्या दशकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी जर्मन पँथर रणगाडा काढला, मोटरवर चालणारा, आणि तो मात्र तुफान खपला. आता या पँथरचं माप कसं ठरलं तर पोटात मोटर आणि सेल बसले पाहिजेत या हिशोबाने. नंतर मोजून बघितलं तेव्हा ते साधारण 1/35 निघालं, आणि पुढचे रणगाडे त्याच मापात येत गेले. म्हणजे आज जगभर ज्या स्केलवर आपण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शावरून वाद घालतो ते स्केल बॅटरीच्या सेलने ठरवलंय! मला तरी हे वाचल्यावर आधी हसू आलं आणि मग जरा रागच आला.

कारण मोटरचा वारसा साधा नाही. खालच्या हलला, म्हणजे रणगाड्याच्या धडाला, स्विचसाठी आणि वायरीसाठी भोकं असायची, ती मॉडेल शोकेसमध्ये ठेवायचं असलं तरी बुजवावी लागायची. ट्रॅकच्या वर हलचा जो भाग बाहेर आलेला असतो, ज्याला स्पॉन्सन म्हणतात, त्याला कित्येक जुन्या किटांत तळच नसायचा, मॉडेल उलटं केलं की थेट आत दिसायचं आणि आत काय तर अंधार. आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे पिनांचे गोल खड्डे. साच्यात प्लॅस्टिक थंड झालं की भाग बाहेर ढकलायला लोखंडी पिना असतात, त्यांचा ठसा उमटतोच, आणि डिझाइन करणारा माणूस तो ठसा न दिसणाऱ्या बाजूला घेतो. न दिसणारी बाजू म्हणजे कुठली, तर आतली. त्या काळात ते बरोबरच होतं म्हणा, आत बघणार कोण.

तरी आत बघणारे होते. तामियानेच साठच्या दशकात 1/25 मध्ये मोठे रणगाडे काढले, त्यातल्या जर्मन टायगर रणगाड्याला आतलं सामान होतं. सत्तरच्या दशकात बांदाई या जपानी कंपनीने 1/48 ची एक मालिका काढली होती, तळहातावर मावणारे रणगाडे पण आत इंजिन, गोळे, सीटा सगळं, आणि माझ्या मते त्या काळाच्या मानाने ते वेडेपणाच्या जवळचं काम होतं. पुढे 1980 मध्ये गुंडम या रोबोंच्या कार्टूनची मॉडेलं आली आणि त्या कंपनीचा जोर तिकडे गेला. उघड्या गाड्यांचं वेगळं होतं, हाफट्रॅकला (पुढे चाकं आणि मागे ट्रॅक असलेली गाडी) छतच नाही म्हटल्यावर आत काहीतरी द्यावंच लागतं, आणि एम113 सारख्या सैनिक नेणाऱ्या गाडीचा मागचा रॅम्प उघडता येतो म्हणून तामियाच्या त्या किटात बाकंबिकं होती. बंद रणगाड्यात मात्र पोकळी.

ती पोकळी आधी लोकांनी घरच्या घरी भरली. प्लॅस्टिकचा पातळ पत्रा कापायचा, स्प्रू, म्हणजे किटचे भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची काडी, मेणबत्तीवर धरून मऊ झाला की हलक्या हाताने ताणायचा म्हणजे केसासारखी तार निघते, जुन्या वायरमधली तांब्याची तार, टूथपेस्टच्या धातूच्या ट्यूबचे पट्टे कापून सीटबेल्ट. अमेरिकेत मॉडेल बनवणारे शेपर्ड पेन यांनी मोनोग्राम कंपनीच्या किटांसाठी डायोरामा, म्हणजे मॉडेलभोवतीचे छोटे देखावे, केले आणि ते कसे केले याची पत्रकं किटच्या बॉक्समध्ये यायची, त्यामुळे मॉडेल म्हणजे सूचनांप्रमाणे जोडायची वस्तू हा समजच बदलला, हॅच उघडं ठेवायचं तर आत काय हा प्रश्न आपोआप आला.

मग आले बेल्जियमचे मॉडेल बनवणारे फ्रान्स्वा वेर्लिंडेन आणि रेझिन, म्हणजे साच्यात ओतलं की घट्ट होणारं द्रव. इथे जरा थांबतो, कारण इंटिरियरचा खरा धंदा इथून सुरू झाला. प्लॅस्टिक किटला स्टीलचा साचा लागतो, तो प्रचंड महाग, हजारोंनी खपणार असेल तरच परवडतो. रेझिनला सिलिकॉन रबराचा साचा चालतो, एक मूळ नमुना हाताने बनवा, त्यावर रबर ओता, झाला साचा. काही डझन वेळा ओतल्यावर तो फाटतो पण दुसरा करता येतो. त्यामुळे पाचशे लोकांनाच हवं असलेलं अमेरिकन शर्मन रणगाड्याचं इंटिरियरसुद्धा विकायला परवडायला लागलं. त्याच्या मागोमाग पितळी फोटो-एच आला, चेक कंपनी एडुआर्ड 1989 मध्ये सुरू झाली, पोलंडची अबेर आली, पातळ पितळी पत्रा रसायनाने कोरून डायलच्या चौकटी, जाळ्या, क्लिपा. प्लॅस्टिकला जे जाड जमतं ते इथे कागदासारखं मिळायला लागलं.

पण रेझिन सेट बसतो का, तर सरळ कधीच नाही. साधं गणित आहे. जर्मन 251 हाफट्रॅकचं बाजूचं चिलखत 8 मिलिमीटर, भागिले 35 म्हणजे 0.23 मिलिमीटर. किटची भिंत साधारण एक मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात 35 मिलिमीटर जाड! दोन्ही बाजू मिळून आतली रुंदी दीड मिलिमीटरने कमी होते, आणि खऱ्या गाडीच्या मापाने बनवलेला सेट त्यात मावणार कसा. टायगरचं पुढचं चिलखत 100 मिलिमीटर, ते 2.86 होतं, तिथे प्लॅस्टिक उलट पातळ पडतं. मी माझ्या पहिल्या हाफट्रॅकच्या भिंती आतून घासत बसलो होतो, दोन संध्याकाळी सँडपेपर, आणि तिसऱ्या दिवशी दिव्यासमोर धरलं तर डावी भिंत कंदिलासारखी उजळली. थोडं अजून घासलं असतं तर बोट आरपार. (रेझिन घासताना मास्क लावा, ती धूळ फुप्फुसाला वाईट.)

माहितीचंही तसंच. ट्युनिशियात एप्रिल 1943 मध्ये ब्रिटिशांनी टायगर 131 पकडला, त्याची चिरफाड करून सविस्तर रिपोर्ट लिहिला, तो रणगाडा आज इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये चालू स्थितीत आहे. अमेरिकनांनी एका पकडलेल्या किंग टायगरची डावी बाजू शिकवण्यासाठी कापून उघडीच केली. पुढे नव्वदच्या दशकात रशियातलं कुबिंकाचं रणगाडा म्युझियम लोकांना खुलं झालं. पण म्युझियमचा फोटो म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, कारण मधल्या काळात कुणीतरी हाताशी असलेला पांढरा डबा उघडून सगळं रंगवून टाकलेलं असतं.

रंगाचं मूळ कारण साधं, आत उजेड कमी म्हणून फिकट रंग. जर्मनांचा हस्तिदंती, म्हणजे एल्फेनबाइन, वरच्या भागाला, आणि खाली तळाला नि इंजिनच्या कप्प्यात लालसर प्रायमर. अमेरिकन शर्मन आतून पांढरा, पण हॅचची आतली बाजू ऑलिव्ह, कारण हॅच उघडलं की पांढरं लांबून चमकणार. बाहेरून दिसणारा एवढाच भाग आणि नेमका तिथेच लोक पांढरा मारतात, कितीतरी वेळा बघितलंय.

आतलं सामान बघितल्यावर गाडी कळते ते वेगळंच. शर्मनचे गोळे आधी बाजूला वर असायचे, मार लागला की पेटायचे, मग 1944 पासून ते खाली तळाशी, पाण्याने वेढलेल्या रॅकमध्ये गेले, त्यामुळे सुरुवातीच्या शर्मनमध्ये उशिराचा सेट घातला तर जाणकार लगेच पकडतो. सोव्हिएत टी-34 ला टरेटबरोबर (तोफेच्या फिरत्या घुमटाबरोबर) फिरणारी बास्केट, म्हणजे माणसांना उभं राहायचं तळ, नव्हतीच, गोळ्यांच्या पेट्या तळाला आणि त्यावर रबरी मॅट, तोफ भरणारा माणूस त्यावरच पाय टाकत टरेटमागे फिरायचा. त्या मॅटचा एक कोपरा उचलून खाली दोन गोळे दाखवले की बघणारा माणूस विचारतोच, हे काय?

किट कंपन्यांना हे सगळं जरा उशिरा सुचलं. अकॅडमीने नव्वदच्या दशकात इंटिरियरसह टायगर काढला, मग ट्रम्पेटरने 1/16 मध्ये मोठा टी-34. पण पूर आला तो 2010 नंतर, युक्रेनची मिनिआर्ट टी-44 आणि टी-54 घेऊन, ताकोम आणि राय फील्ड मॉडेल जर्मन मांजरं, म्हणजे टायगर-पँथर, घेऊन. साचे कॉम्प्युटरवर डिझाइन व्हायला लागले, सरकत्या भागांचे साचे आले, भिंती पातळ झाल्या, आणि एका बॉक्समध्ये हजाराच्या वर भाग. आता तर गोळे आणि रेडिओ थ्रीडी प्रिंट करून मिळतात, डायलचे आकडे भिंगाखाली वाचता येतात. रेझिनच्या जमान्यातल्या माणसाला हे जरा फुकटात मिळाल्यासारखं वाटतं, मलाही वाटतं, खोटं कशाला बोला.

गंमत म्हणजे जुना प्रश्न तसाच राहिला. छत चिकटवलं की महिनाभराच्या कामातला दहावा हिस्साही दिसत नाही. त्यावर कुणी छत मॅग्नेटवर ठेवतं, कुणी खऱ्या म्युझियमसारखी एक बाजू कापतं, काही किटांत पारदर्शक भाग येतात. मी सध्या मॅग्नेटवाला. आणि हो, पिनांचे खड्डे अजून आहेत, फक्त आता ते सीटच्या मागे आणि गोळ्यांच्या रॅकखाली सरकलेत, परवाच एक सापडला, रंग मारून झाल्यावर.