आतडं नेमकं कुठे अडलंय?

पोट फुगलंय, उलट्या थांबत नाहीत, कालपासून गॅससुद्धा सुटलेला नाही. रुग्णाला अंडाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर असला की घरचे धरूनच चालतात: गाठ वाढली, तिनेच आतडं बंद केलं. बऱ्याचदा तसं असतंही. पण जुन्या ऑपरेशननंतर आतडी आपसात चिकटली, रेडिएशनने आतड्याची भिंत आखडली, किंवा मॉर्फिनमुळे नुसता मळ साठला, तरी त्रास जवळपास असाच होतो. आणि प्रत्येकाचा उपचार निराळा.

सुरुवात बहुधा साध्या एक्स-रेने होते. लहान आतडं 3 सेंटिमीटरपेक्षा, मोठं 6 पेक्षा आणि मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग, म्हणजे सीकम, 9 पेक्षा रुंद दिसला तर तो फुगलाय असं मानतात. एक्स-रे स्वस्त आणि झटपट, पण फुगवटा का आला हे त्यातून क्वचितच कळतं.

त्यासाठी सीटी स्कॅन. रेडिओलॉजिस्ट अनेकदा उलटा प्रवास करतो, गुदाशयापासून वर आतड्याचा माग काढत. रिकामं, बारीक आतडं संपून फुगलेलं जिथे सुरू होतं, ती जागा मोलाची. तिथे गाठ किंवा जाड, वेडीवाकडी भिंत दिसली तर संशय कॅन्सरवर. काहीच न दिसता आतडं एकदम निमुळतं झालं असेल तर चिकटलेल्या आतड्यांवर. शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध, भिंतीत नीट उतरत नसेल तर मात्र रक्तपुरवठा तुटत असण्याची भीती असते, आणि तिथे थांबून चालत नाही.

सगळ्यात अवघड, पोटाच्या अस्तरावर पसरलेला कॅन्सर. काही मिलिमीटरचे दाणे सीटीतून सहज निसटतात, आणि आतडं एकाच वेळी अनेक जागी अडलेलं असू शकतं. म्हणून ‘अडथळा आहे’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट मला अर्धवट वाटतो. मोठं आतडं एकाच जागी अडलं असेल तर दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवता येतो. अनेक जागी अडलं असेल तर ऑपरेशनने फारसं साधत नाही. मग पोट रिकामं करायला नाकातून नळी, आतड्यातला स्राव कमी करणारी ऑक्ट्रिओटाइडसारखी औषधं.

कधी तर अडलेली जागा सापडतच नाही. 1948 मध्ये ब्रिटिश सर्जन हेनेज ओगिल्वी यांनी असे दोन रुग्ण नोंदवले. लक्षणं मोठं आतडं अडल्याची, पण आतड्यात अडथळा कुठेच नव्हता. कॅन्सर आतड्याच्या मागे, त्याला चालवणाऱ्या नसांच्या जाळ्यात शिरला होता. सीटी तेव्हा नव्हता. हे कळलं ते पोट उघडल्यावर.