एमएसमध्ये अ‍ॅडमिट होऊन व्यायाम कशाला?

मिरजेच्या बाजारात वहिनींच्या डाव्या पायातली चप्पल मागंच राहिली, आणि मागनं एका बाईनं हाक मारली तेव्हा त्यांना कळलं की पाय अनवाणी आहे. त्याआधी वर्षभर उंबऱ्याला पाय अडकायचा, दुपारी एकदम गळून जायच्या, आम्ही म्हणायचो अशक्तपणा असेल. एमआरआय काढला तेव्हा समजलं, मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस. यात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब करते, वायरचं प्लॅस्टिक उंदरानं कुरतडावं तसं, मग मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोचतच नाही.

घरात सगळ्यांचं एकच, पडून राहा, आराम करा. मला आता त्याचं फार वाईट वाटतं. कारण न हलल्यामुळं स्नायूंची उरलीसुरली ताकदही जाते, आणि आजारानं नेलं किती अन् पडून राहिल्यानं गेलं किती हे कळेनासं होतं. पडून राहिल्यानं गेलेलं बरंचसं परत मिळवता येतं, आणि रिहॅबवाले, म्हणजे व्यायाम देऊन माणसाला परत कामाला लावणारे, त्याच्याच मागं लागतात. इटलीतल्या एका अभ्यासात, १९९९ साली छापलेल्या, ५० पेशंट होते, काहींना तीन आठवडे अ‍ॅडमिट करून व्यायाम दिला आणि बाकीच्यांना घरी करायला सांगितला. नसांची तपासणी दोन्हीकडं होती तशीच राहिली, पण अ‍ॅडमिट झालेल्यांना रोजची कामं जास्त चांगली जमायला लागली.

वहिनीपण पुण्यात तीन आठवडे अशाच अ‍ॅडमिट राहिल्या. पहिल्याच दिवशी विचारलं, तुम्हाला काय करता आलं पाहिजे? त्या म्हणाल्या, भाकरी. मग फिजिओनं घोट्याला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी दिली, त्यानं पाऊल लोंबत नाही, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टनं, म्हणजे रोजची कामं जमवून देणाऱ्यानं, उंच स्टुलावर बसवून परातीत पीठ मळायला लावलं, दोन भाकरी झाल्या की पाच मिनिटं थांबायचं, पंखा चालू. लघवीच्या त्रासाचं त्या घरात कुणाशी बोलल्या नव्हत्या, तिथल्या सिस्टरशी बोलल्या.

पंखा कशाला, तर आधीच खराब झालेल्या नसा उष्णतेनं आणखी मंद चालतात. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच लिहून ठेवलंय की व्यायाम केला की अशा पेशंटची नजर धूसर होते, खरं कारण अंगातली उष्णता हे नंतर कळलं. अंग गार झालं की परत ठीक होतं, इजा होत नाही. पण सांगलीच्या एप्रिलमध्ये हे माहीत नसेल तर माणूस घाबरून व्यायामच सोडतो.

फायदा काही महिन्यांनी ओसरायला लागतो, म्हणून घरी चालू ठेवावंच लागतं. वहिनी सहाला उठतात, ऊन चढायच्या आत, मानेवर ओला टॉवेल टाकून गॅलरीच्या कठड्याला धरून वीसदा उठबस करतात, आणि दादा शेजारी उभा राहून मोजतो.